देवाजीच्या पाटीसमोर

बडे बाबूंच्या मुलीच्या लग्नात निंबार्ते सर देवाजी हटवारांच्या यंत्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, की ही एस्प्रेसो नाही. देवाजींनी यंत्र बंद केलं. लग्न कारधाला होतं.

एवढंच घडलं. त्यानंतर सर काही वर्षं जगले, पण त्या वाक्याच्या आधीचे सर आणि नंतरचे सर, असे दोन सर माझ्या आठवणीत आहेत. यंदा धान कापणीच्या दिवसांत ते गेले. लोक भेटायला आले, त्यांच्या शिकवण्याबद्दल बोलले, आणि त्या लग्नाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून मी लिहिते आहे. सरांना ते वगळलेलं आवडलं नसतं.

गंगाधर निंबार्ते पवनीला आमच्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी तिथे ग्रंथपाल होते. बडे बाबू म्हणजे आमच्या ऑफिसचे मुख्य लिपिक. सर उंच होते आणि उंच माणसं दारातून वाकतात तसे ते मोकळ्या मैदानातही थोडे वाकून चालत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असे, प्रयोगशाळेतला, लांब. कँटीनचा चहा आला की तो कपात बुडवून ते पारा वर चढताना बघत आणि मगच प्यायला सुरुवात करत. मुलं त्यांना मागून 'डिग्री' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तापमानमापीचं चित्र काढून त्याला चष्मा घातला होता. सरांनी चष्मा तसाच ठेवला, पाऱ्याची रेघ तेवढी दुरुस्त केली आणि तास सुरू केला.

दुरुस्त करणं हा त्यांचा स्वभाव होता. किराणा दुकानात तराजूच्या पारड्याखाली चिकटलेला गूळ दिसला, की तो खरवडून काढायला लावत. ग्रंथालयातून नेलेल्या पुस्तकात चिठ्ठी ठेवून परत करत, 'हे विधान तपासावं.' चिठ्ठीखाली सही आणि तारीख. पण हे एवढंच असतं तर ते नुसते खोचक म्हातारे ठरले असते. ते स्वतःलाही तसंच दुरुस्त करत. वर्गात एखाद्या उदाहरणात चिन्ह चुकलं, तर दुसऱ्या दिवशी त्या तुकडीत जाऊन सांगत, की काल मी चुकीचं शिकवलं. शेजारच्या तुकडीतही सांगत, कारण मुलं एकमेकांच्या वह्या उतरवतात. एकदा ग्रहणाची वेळ प्रार्थनेच्या वेळी त्यांच्याकडून चुकीची सांगितली गेली, तेव्हा दुसऱ्या दिवशी साऱ्या शाळेसमोर उभे राहून त्यांनी ती मागे घेतली. ग्रहण होऊन गेलेलं होतं. हेडमास्तर म्हणाले, आता काय उपयोग. सर म्हणाले, चूक जिथं झाली तिथंच पुसायची. फळ्यावर झाली तर फळ्यावर, चार लोकांत झाली तर चार लोकांत.

ते निवृत्त झाले तेव्हा मुलीने, प्रणालीने, पुण्याहून एक यंत्र पाठवलं. काळं, मिक्सरएवढं. वर स्क्रूचं झाकण, पुढे दांडा असलेली जाळी, खाली काचेचा छोटा जग. फार महागाचं नव्हतं, हे सर कौतुकानेच सांगत. खोक्यावर कपाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: एस्प्रेसो.

आमच्याकडे कॉफी सर्दीत पितात किंवा लग्नात. सर्दीतली आल्याची. लग्नातली एस्प्रेसो. तिचं यंत्र म्हणजे स्टीलची उभी टाकी, खाली गॅस, बाजूला वाकडी नळी. मगात दूध, साखर आणि कॉफीची पूड घालून नळी आत सोडायची. मग रणगाडा चालल्यासारखा आवाज होतो, दूध फुगतं, वरून चॉकलेटची पूड भुरभुरवतात. पवनी ते साकोली पट्ट्यात ही टाकी पहिल्यांदा आणली ती देवाजी हटवारांनी. ते स्वतःच सांगत आणि मोठ्या आवाजात सांगत. सफारी घालून टेबलामागे उभे राहत. टेबलाला पुढून टिनाची पिवळी पाटी टांगलेली, तिच्यावर लाल अक्षरांत 'एस्प्रेसो कॉफी'. नवरदेवाची वरात डीजेपुढे अडकलेली असायची, मुहूर्त उलटून गेलेला असायचा, आणि देवाजी ओरडत, "या जी या, नवरदेव काही येत नाई एवढ्यात, दोन दोन कप घ्या." मांडवातली सगळ्यात जिवंत जागा तीच असे.

सरांच्या यंत्राची जागा स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती. रविवारी सकाळी ते आम्हाला बोलवत, मला, बडे बाबूंना, गणिताच्या सरांना. कॉफीच्या बिया प्रणाली पाठवायची. सर त्या मिक्सरमध्ये थांबून थांबून दळत, चहाच्या गाळणीने चाळत, जाळीत भरून चमच्याच्या मागच्या बाजूने दाबत. मग आम्ही सगळे पाणी तापायची वाट पाहत उभे राहत असू, पूजेला उभे राहावं तसे. यंत्र गुरगुरायचं आणि काचेच्या जगमध्ये काळी धार पडायची. वर सोनेरी, तपकिरी फेस. सर टॉर्च लावून तो फेस दाखवत.

"दूध नाही, साखर नाही. तरी फेस. हीच खऱ्या एस्प्रेसोची ओळख."

ही कॉफी सर छोट्या स्टीलच्या वाट्यांतून देत. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दारातून म्हणायच्या, "अवो, प्रसादाच्या वाटीत काढा देऊन राहिले तुम्ही लोकाइले." बडे बाबू पहिल्यांदा प्यायले आणि अदबीने विचारलं, दूध मागून येणार आहे का. ती जळकट लागायची. पण सर इतके आनंदात असत, की आम्ही वाटी रिकामी करत असू, आणि नंतर वहिनी सगळ्यांना चहा देत. सरांनी तोवर दुसरीकडे कुठेही अशी एस्प्रेसो प्यायलेली नव्हती. आमच्यापैकीही कोणी नाही. ते खोक्यावरचं वाचत, मोबाइलवर थोडं वाचत, आणि त्यांच्या बोलण्यात हळूहळू एक सूर आला होता. वर्गात तो कधी नव्हता. ज्याच्याकडे वस्तू असते, त्याचा सूर.

कारधाच्या लग्नात तो सूर चार लोकांसमोर आला. लॉनवर गर्दी होती, वरात पुलाजवळ नाचत होती. आम्ही कॉफीसाठी रांगेत होतो. गणिताच्या सरांनी सहज छेडलं, की सर, आता तुमची चांगली की देवाजींची. सरांनी कप हातात घेतला, खिशातून थर्मामीटर काढला, बुडवला, पुसला, परत ठेवला. मग वर्गातल्या आवाजात ते वाक्य बोलले.

देवाजी आधी हसले. "काय गा मास्तर, मंग काय होय ही? ताक होय?"

सर म्हणाले, "दुधाची कॉफी आहे. वाफेनं फेसाळलेली. एस्प्रेसो दाबानं काढतात, काळी असते. पाटीवर लिहिलंय ते चूक आहे, देवा. माझ्या घरी ये एक दिवस, खरी दाखवतो."

शेवटचं वाक्य त्यांनी प्रेमाने म्हटलं होतं. ते दोघं एका बाकावर शिकलेले. पण रांगेतून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे देवाजी, आतापर्यंत नकली पाजून राह्यले का आमाले?" आणि हशा पिकला. एका पोराचा मोबाइल आधीपासूनच वर होता. देवाजींनी रांगेकडे बघितलं, मग सरांकडे. खाली वाकून गॅस बंद केला. टाकीतली वाफ उतरताना एक बारीक शिट्टी वाजते आणि हळूहळू मरते. ती रांगेच्या टोकापर्यंत ऐकू गेली. मग वरात आली आणि सगळे तिकडे धावले.

ते चित्रण गावोगावच्या व्हॉट्सॲपवर फिरलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'नकली एस्प्रेसोवाला सापडला'. सर व्हॉट्सॲप बघत नसत. त्या हंगामात देवाजी ज्या लग्नात गेले तिथे पोरांनी त्यांना विचारलं, काका, असली आहे का नकली. पोरं गेली की मोठी माणसं विचारत. जेवणाचे ठेकेदार पूर्वी त्यांना आधी फोन करत. ते आता दुसऱ्या कुणाला तरी बोलवू लागले. एका लग्नात मी पाटी पाहिली. 'एस्प्रेसो' शब्द पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढलेला होता. पिवळ्या रंगाखालचा पत्रा दिसत होता, ओरखड्यांसकट. उरलेलं होतं 'कॉफी'. देवाजी ओरडत नव्हते. कप भरून पुढे सरकवत होते.

हे सरांना सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही. रविवारी आम्ही जात राहिलो आणि सर टॉर्च लावून फेस दाखवत राहिले.

मग एका रविवारी फेस आला नाही. सरांनी पुन्हा पूड भरली, पुन्हा पाणी ओतलं. धार आली, काळी, साधी. सरांनी मिक्सरला दोष दिला, बियांना दिला. वहिनी आतून भांड्यांची टोपली घेऊन आल्या आणि तिच्यातून एक प्लास्टिकची चकती काढून पुढे केली. बटनाएवढी, मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. काल दांडा धुताना जाळीखालून निघाली होती, कशाची आहे न कळून त्यांनी टोपलीत टाकली होती.

सरांनी चकती बसवली. फेस आला. काढली. गेला. पुन्हा बसवली. मग ते उठले आणि फडताळातून जुनी कॉफी घेऊन आले. तिचा वास केव्हाच गेलेला, वहिनींनी ती झाडांना घालायला ठेवली होती. ती भरली. यंत्र गुरगुरलं. जगमध्ये तोच सोनेरी फेस जमला, तसाच, टॉर्चची गरज नव्हती.

सर ओट्याला टेकून उभे राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, फेस कॉफीचा नाही. छिद्राचा आहे."

त्यानंतर बराच वेळ ते आमच्याशी बोलत होते की स्वतःशी, सांगता येणार नाही. ते म्हणत होते, की या यंत्रात पंप नाही. बंद टाकीत पाणी उकळतं आणि वाफ त्याला ढकलते. म्हणजे हा कुकरच, दाब थोडाफार जास्त एवढंच. खऱ्या एस्प्रेसोला लागतो त्याच्या कितीतरी पट दाब, आणि पाणी उकळतं नको, उकळीच्या अलीकडचं हवं. म्हणून ही जळकट लागते. जन्मभर मुलांना कुकर शिकवला, दाब शिकवला, आणि हे यंत्र ओट्यावर असून त्याकडे एकदाही त्या डोळ्यांनी बघितलं नाही. खोक्यावर लिहिलं होतं म्हणून मानलं. पुस्तकात आहे म्हणून मानू नका, असं पोरांना सांगणारा मी.

बडे बाबू साधे गृहस्थ. ते म्हणाले, "म्हणजे सर, तुमची आणि देवाजीची, दोन्ही वाफेच्याच."

सर म्हणाले, "हो."

"मंग त्यानं उगाच खरवडला तो शब्द."

सरांनी विचारलं, कोणता शब्द. तेव्हा बडे बाबूंनी सांगितलं. मोबाइल काढून ते चित्रणही दाखवलं. सरांनी चष्मा काढून हातात धरला आणि चष्म्याशिवाय ते बघितलं, म्हणजे त्यांना दिसलं काहीच नसणार, आवाज तेवढा ऐकू आला. स्वतःचा वर्गातला आवाज, मग हशा, मग शिट्टी. वहिनींनी चहा आणला तो त्यांनी घेतला नाही. थर्मामीटर खिशातच राहिला. त्यानंतर मी तो त्यांच्या खिशात कधी पाहिला नाही.

देवाजींकडे जाण्याआधी त्यांना खरी एस्प्रेसो एकदा प्यायची होती. न पिता मत दिलं, निदान पिऊन माफी मागतो, म्हणाले. वहिनींच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला जायचं होतं, मी सोबत गेले. एका थंडगार दुकानात, जिथे सगळी तरुण मुलं संगणक उघडून बसली होती, सरांनी एस्प्रेसो मागितली. काउंटरवरच्या मुलीने काळजीने विचारलं, अंकल, ती कडू असते, चालेल ना. चालेल, म्हणाले. कप आला तो आमच्या प्रसादाच्या वाटीहून लहान होता. सरांनी फेस बघितला, वास घेतला, दोन घोटांत प्यायले. वहिनींनी विचारलं, कशी आहे. सर म्हणाले, "ही खरी. दाट आहे, तेलकट आहे, जिभेवर राहते. आपल्या यंत्रातून ही निघणार नाही." मग पाणी मागितलं आणि थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "अन् मले आवडली नाही." वहिनी रुमाल तोंडाशी धरून हसल्या. सर हसले नाहीत.

देवाजींच्या घरी त्यांनी मला सोबत नेलं. तुम्ही तेव्हा तिथं होता, म्हणाले. देवाजी अंगणात खाटेवर बसून शेगडीचा बर्नर तारेने साफ करत होते. टाकी कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. त्यांनी मला 'या ताई' म्हटलं, सरांना काही म्हटलं नाही. सर उभ्यानेच बोलले. सगळं क्रमाने सांगितलं, चकती, जुनी कॉफी, कुकर, नागपूर. माझ्याकडे होती तीही खरी नव्हती. मला बोलायचा अधिकार नव्हता. मी चुकलो.

देवाजी तार फिरवत राहिले. मग म्हणाले, "तो शब्द कोणं देल्ला होता मले?"

सरांना कळलं नाही.

"मशीन आणली नागपुरावून. सेकंडह्यांड. तिच्यावर इंग्रजीत लिवलं होतं. मले कुठं येत होतं वाचता. तू नवीन नवीन मास्तर लागला होता. तूच वाचला, अन् पेंटरसाठी खडूनं याच भितीवर लिहून देल्ला, गंग्या. म्या तर नुसतं कॉफी लिवणार होतो."

सरांनी भिंतीकडे बघितलं. तिला अनेकदा चुना लागलेला होता. ते आठवायचा प्रयत्न करत होते हे मला दिसत होतं, आणि त्यांना आठवत नव्हतं हेही दिसत होतं. मी त्या माणसाला कधी खोटं बोलताना पाहिलं नाही. तेव्हाही ते बोलले नाहीत.

"मले आठवत नाही, देवा," ते म्हणाले.

देवाजींना बहुधा तेच सगळ्यात लागलं. त्यांनी बर्नर खाली ठेवला. "चार लोकांत बोलला, अन् आता माह्या अंगणात येऊन माफी मागून राह्यला. इथं कोण आहे ऐकायले? कोंबड्या?"

आतून देवाजींच्या बायकोने चहा पाठवला. आम्ही तो प्यायलो आणि निघालो. रस्त्यात सर एवढंच म्हणाले, की तो बरोबर बोलला, नियम माझाच होता.

आता अडचण अशी, की लग्न होऊन गेलं होतं. चार लोक म्हणजे शेकडो, कुणी भंडाऱ्याचे, कुणी साकोलीचे, कुणी नवरदेवाकडचे. ग्रहणाची वेळ मागे घ्यायला शाळा एका जागी तरी होती. सरांनी बडे बाबूंना विचारलं, धाकटीचं लग्न कधी आहे. बडे बाबूंनी सानगडीला, आपल्या गावी, घर बांधलं होतं आणि लग्न तिथंच होणार होतं. पाहुणे बहुतेक तेच. सर म्हणाले, कॉफीला देवाजीला सांगा. बडे बाबू म्हणाले, तो येईल का. सर म्हणाले, माझं नाव काढू नका.

देवाजी आले. पाटी तशीच, खरवडलेली. सरांना बघून त्यांनी मान वळवली. मुहूर्त टळून गेला होता आणि वरात नेहमीप्रमाणे तलावाच्या पाळीवर नाचत होती. मांडवात माइकवाला पाहुण्यांची नावं घेऊन स्वागत करत होता. सरांनी स्टेजवर चढून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक मागितला. त्याला वाटलं, कुणाचं तरी पाकीट हरवलं असेल. दिला.

सरांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग म्हणाले, की बडे बाबूंच्या मोठ्या मुलीच्या लग्नात मी देवाजी हटवारांच्या कॉफीबद्दल एक विधान केलं होतं, ते मागे घेतो. पहिल्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सर पुढे बोलत राहिले, वर्गातल्या आवाजात नाही, अडखळत. म्हणाले, माझ्या घरी एक यंत्र आहे, त्यातून निघते तीही एस्प्रेसो नाही, दाब पुरत नाही. तिचा फेस एका छिद्रातून येतो. देवाजीचा फेस दुधाचा आहे, तो खरा आहे, आणि तो समोर बनवतो, लपवून नाही. एस्प्रेसो म्हणून शहरात जे देतात ते वेगळं. पण आपल्या भागात या नावाने इतकी वर्षं हीच कॉफी ओळखली गेली, आणि हे नाव त्याला मीच लिहून दिलं होतं. मी ते विसरलो. म्हणजे चूक असेल तर ती माझी, आणि हसायचं असेल तर मला हसा.

कोणी हसलं नाही, कारण निम्म्यांना काही कळलं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला विचारत होते, मुलाकडचे आहेत का हे. सर दाबाचं एकक समजावून सांगायला लागले. त्यांना थांबता येत नव्हतं. चेहरा घामाने भिजला होता आणि माइक दोन्ही हातांत धरलेला. बडे बाबू उठायला लागले. तेवढ्यात मांडवाच्या मागच्या टोकाकडून आवाज आला, पूर्वीसारखा मोठा.

"बस कर आता, मास्तर. दूध उतू जाऊन राह्यलं माहं."

तेव्हा मात्र लोक हसले. सर माइक देऊन खाली उतरले, गर्दीतून वाट काढत टेबलापर्यंत गेले. देवाजींनी मगात नळी सोडली, फेस चढवला, चॉकलेटची पूड जरा जास्तच टाकली आणि कप पुढे सरकवला. सरांनी तो तिथेच प्यायला. त्यांना साखर वर्ज्य होती. वहिनींनी दुरून बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं.

मला वाटलं होतं, हे इथे संपलं. देवाजींना पुन्हा लग्नं मिळू लागली, ते पुन्हा ओरडू लागले. सर म्हणाले, पाटी रंगवून देतो, पेंटरला मी सांगतो. देवाजी म्हणाले, राहू दे, कॉफी म्हटलं तरी लोक पितेत. सरांनी दोनतीनदा विषय काढला. शेवटी देवाजी त्यांना म्हणाले, रागाने नाही, "देल्लेला शब्द तूच नेला ना, गंग्या. आता मले नको." मग सरांनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर सरांना एक सवय लागली. आधी माझ्या लक्षात आली नाही, मग प्रत्येक लग्नात दिसू लागली. ते मांडवात आले की सरळ देवाजींच्या टेबलापाशी जात, कप घेत आणि पाटीला पाठ करून उभे राहत. अगदी तिला लागून, डावीकडे. लोक रांगेत येत, कॉफी घेत, सरांना नमस्कार करत, दोन शब्द बोलत. सर तिथून हलत नसत. जेवायला बोलावलं तरी पंगत अर्धी होईपर्यंत हलत नसत. एकदा मी कप घ्यायला गेले तेव्हा मला कळलं. सर जिथे उभे असत, त्यांच्या पाठीमागे पाटीवरची ती खरवडलेली जागा बरोबर झाकली जायची. 'कॉफी' तेवढं दिसायचं, पूर्ण पाटीसारखं. देवाजींना हे केव्हा कळलं मला माहीत नाही, पण ते सरांच्या बाजूने कप द्यायचं टाळून दुसऱ्या बाजूने देत, त्यांना सरकावं लागू नये म्हणून.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तेही असंच. पवनीतच लग्न होतं, उन्हाळ्याच्या शेवटी. सर आजारातून उठलेले, शर्ट अंगावर सैल झालेला, खांद्याची शिवण दंडावर आलेली. नको म्हटलं तरी आले होते. देवाजींनी त्यांच्यासाठी टेबलाच्या बाजूला खुर्ची आणून ठेवली होती, ते बसले नाहीत. तिथे बसलं तर पाटी झाकली जात नाही. एक हात टेबलावर टेकून उभे होते. मी जवळ गेले तेव्हा मिशीवर फेस होता. मी खुणेने दाखवला. त्यांनी रुमालाने पुसला आणि म्हणाले, "दुधाचा आहे, मॅडम. खरा आहे." मग एवढं वाकून, जणू पुढचं फक्त मला ऐकू यावं म्हणून, म्हणाले, की ते खडूचं अजून आठवत नाही. रोज प्रयत्न करतो.

तेराव्याला देवाजी आले. टाकी घेऊन नाही, रिकाम्या हाताने. वहिनींच्या समोर बसले आणि उठताना म्हणाले, की तो पोरगा होता तेव्हाही असाच होता. कसा, ते सांगितलं नाही.

सरांचं यंत्र वहिनींनी खोक्यात भरून माळ्यावर ठेवलं आहे. चकती त्यांना नको होती, ती मी मागून घेतली. माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा साकोलीच्या एका लग्नात देवाजींचं टेबल होतं. नवरदेव आलेला नव्हता, रांग होती, देवाजी ओरडत होते. पाटीवर डावीकडे शब्दाएवढी जागा खरवडलेली आहे, तिच्या पुढे 'कॉफी' लिहिलेलं आहे. तिच्यासमोर कोणी उभं राहत नाही.